बाहेर बसायची जागा घराच्या कुठल्या बाजूला? (वाईजवळचा प्लॉट, सल्ला हवाय)

निवांत_वाईकर
मंडळी, वाईहून मेणवलीच्या बाजूला पाच गुंठ्यांचा प्लॉट घेऊन ठेवला होता, रिटायर झाल्यावर आता तिथे घर बांधायला काढलंय. नकाशा जवळपास पक्का आहे, बैठं घर, दोन बेडरूम, स्वयंपाकघर आग्नेयेला. अडलंय ते बाहेर बसायच्या जागेवर, पॅटिओ म्हणा नाहीतर सिटआऊट म्हणा. साधारण १२ बाय १६ फूट, खाली फरशी, वर काहीतरी छप्पर, चार खुर्च्या आणि जमलं तर झोपाळा. बजेट एकाच जागेचं आहे आणि घरात मतं तीन.

माझं मत पश्चिम, म्हणजे घराची मागची बाजू. समोर शेतं, त्यापलीकडे डोंगर, उजव्या हाताला पांडवगड. पुण्यात उभं आयुष्य समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले टॉवेल बघत चहा प्यायलो, आता डोंगर बघत प्यायचाय. बायकोचं मत पूर्व, कारण सकाळचं ऊन, आणि रस्ताही त्याच बाजूला आहे. मुलगा अमेरिकेत असतो, त्याने काचेच्या सनरूमचे फोटो पाठवलेत आणि तो म्हणतो हेच करा, बारा महिने वापरता येईल. आई ८४ वर्षांची आहे, वॉकर घेऊन चालते, तिला विचारलं तर म्हणाली मला काय, जिथे ऊब असेल तिथे बसेन.

उत्तरेला शेजाऱ्यांचा जुना आंबा आहे, त्याची सावली आमच्या हद्दीत येते. दक्षिणेला सेप्टिक टँक आणि बोअरची मोटर येणार. जोत्याची आखणी आता होईलच. काय करावं?

ठोंब्या
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे याच विषयाची छोटी आवृत्ती चालू आहे, बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवायचं की खुर्ची.

बंडू_सातारकर
पश्चिम अजिबात नको. तुम्ही वाईतसुद्धा पश्चिमेच्या अंगाला आहात, तिकडे जितकं सरकाल तितका पाऊस वाढत जातो. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि ते तुमच्यापासून तासाभरावर आहे. पाऊस येतो नैऋत्येकडून, तोही आडवा. चार महिने खुर्च्या घरात ओढून ठेवाल.

रेघोट्या
कोल्हापूरला आर्किटेक्ट आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

पूर्व म्हणजे सकाळचं ऊन आणि पश्चिम म्हणजे संध्याकाळचं, एवढ्यावर बहुतेक लोक थांबतात. पण वाई १८ अक्षांशाच्या आसपास आहे, तिथे सूर्य डिसेंबरात पश्चिमेच्या साधारण २५ अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला सरकून मावळतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलै संपेपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे कललेला असतो. त्यामुळे उत्तरेला ऊन येतच नाही असं जे म्हणतात ते हिवाळ्यापुरतं खरं. मे-जूनमध्ये सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा तिथे तिरपं ऊन येतंच.

आता पश्चिमेचा खरा त्रास. दुपारी चारनंतर सूर्य खाली उतरलेला असतो, अशा वेळी छज्जा वाढवून उपयोग होत नाही. मेमध्ये पाचच्या सुमाराला सूर्य क्षितिजापासून ३० अंशांच्या आतच असतो, तेव्हा चार फुटी छज्जाची सावली भिंतीवर जेमतेम सव्वादोन फूट खाली उतरते. म्हणजे तुम्ही खुर्चीत बसलात तर जवळपास सगळेच्या सगळे उन्हात. पश्चिमेचं ऊन अडवायचं तर आडवं छप्पर वाढवण्यापेक्षा उभा आडोसा लागतो, जाळी, बांबूचे पडदे, वेल, काहीतरी. आणि हा आडोसा घातला की डोंगर गेला.

शिवाय त्या बाजूची भिंत आणि फरशी दिवसभराची उष्णता धरून ठेवतात. काँक्रीट आणि दगड सूर्य मावळल्यावरही बराच वेळ गरम असतात. एप्रिलमध्ये रात्री आठला पश्चिमेच्या फरशीवर अनवाणी उभं राहून बघा.

पण दिशेच्या आधी एक प्रश्न. तुम्ही तिथे नक्की किती वाजता बसणार आहात? आणि कोण बसणार आहे?

निवांत_वाईकर
@रेघोट्या, धन्यवाद, छज्जाचं गणित पहिल्यांदाच कळलं. मी सकाळी सहाला चहा घेऊन बसणार आणि संध्याकाळी पाच ते सात. मधल्या वेळात आई आणि बायको.

काकूबाई
दिशा वगैरे ठीक आहे, पण स्वयंपाकघराच्या दारापासून जागा किती लांब ते कोणी विचारलंच नाही! ट्रे घेऊन पॅसेज, हॉल, मागचं दार, मग दोन पायऱ्या, असं असेल तर लिहून घ्या, पहिला महिना हौसेने बसाल आणि मग चहा डायनिंग टेबलवरच होईल. आमच्या नणंदेच्या बंगल्यात मागे इतकी देखणी जागा आहे, दगडी बाकं, दिवे, कारंजंसुद्धा आहे. आम्ही गेलो की सगळे बसतो कुठे, तर स्वयंपाकघराबाहेर सिलिंडर ठेवतात त्या ओट्यावर, कारण गप्पा तिथे चालू असतात आणि पोळ्यापण.

तुमचं स्वयंपाकघर आग्नेयेला आणि तुम्हाला बसायचंय वायव्येच्या डोंगराकडे तोंड करून, म्हणजे घराच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. चहा आणणार कोण?

ठोंब्या
काकूबाईंनी एका वाक्यात धागा संपवला.

वास्तूदीप
नमस्कार. नैऋत्य आणि पश्चिम मोकळी ठेवू नये, ती बाजू जड हवी. ईशान्य हलकी, मोकळी. त्यामुळे बसायची जागा ईशान्येला किंवा पूर्वेला घ्यावी. ईशान्येला पाण्याचं छोटं कुंड ठेवल्यास उत्तम.

भुईनळा
आणि दक्षिणेला सेप्टिक टँक चालतो का हो? की त्यालाही एक कुंड?

वास्तूदीप
थट्टा करायची असेल तर करा, ज्यांना अनुभव आलाय ते विश्वास ठेवतात.

भुईनळा
मला पण अनुभव आलाय, वास्तुतज्ज्ञांची फी दिल्यावर आली ती मनःशांती गेली.

बंडू_सातारकर
या धाग्याचं काश्मीर करू नका रे. आणि भुईनळा, गंमत बाजूला ठेव, ते सांगतायत त्याचा निष्कर्ष आपल्या हवामानाला पटतोच की. पावसाचा मारा नैऋत्येकडून आणि दुपारचं तापणंही त्याच बाजूने. तिकडे जाड भिंत घाला, कोठार ठेवा, आणि ईशान्य मोकळी ठेवा म्हणजे कोवळं ऊन मिळेल आणि पावसातही कोरडं राहील. कारण काहीही सांगा, जागा चांगलीच निघते.

जर्सीकर
सनरूमबद्दल लिहितो कारण आमच्याकडे न्यू जर्सीत आहे आणि मुलाने फोटो बहुतेक असल्याच घराचे पाठवले असणार. आमची दक्षिणेला आहे. इथे आम्ही ४० अक्षांशावर, डिसेंबरात दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून २६ अंशांवर, त्यामुळे ऊन काचेतून पार आतल्या सोफ्यापर्यंत येतं. बाहेर बर्फ आणि आत आम्ही टीशर्टवर भडंग खातोय. उन्हाळ्यात तोच सूर्य ७३ अंशांवर जातो, मग छपराची कड त्याला अडवते. दक्षिणेच्या काचेचा सगळा फायदा हाच आहे आणि तो थंड देशातच आहे.

खर्च मात्र विचारू नका. थ्री सीझन रूम म्हणजे हीटिंग नसलेली, ती स्वस्त पडते पण जानेवारीत तिथे फक्त कुंड्या राहतात. फोर सीझन घ्यायची तर इन्सुलेशन, दुहेरी काच, हीटिंग, आणि मग ती राहण्याच्या क्षेत्रफळात धरली जाते, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स वाढतो. पाया तीन फूट खाली न्यावा लागतो, नाहीतर जमीन गोठली की फुगते आणि खोली घरापासून सुटायला लागते. टाऊनशिपचं परमिट वेगळं, हद्दीपासूनचं अंतर वेगळं, एचओए (आपल्या सोसायटीसारखी घरमालकांची संघटना) असेल तर खिडकीच्या रंगापासून परवानगी.

वाईला हे करू नका, मनापासून सांगतोय. काचेतून ऊन आत येतं, फरशी तापते, आणि त्या तापलेल्या फरशीची उष्णता काचेतून परत बाहेर जात नाही. उन्हात उभी केलेली बंद गाडी आणि काचेची खोली यात फरक एवढाच की गाडीला चाकं असतात.

मेलबर्नकर
आमच्याकडे उत्तरेची खोली सगळ्यात महाग. घराच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात नॉर्थ फेसिंग लिहितात. सासूबाई भारतातून आल्या तेव्हा आल्याआल्या हॉलमधला सोफा हलवून घेतला, म्हणाल्या दक्षिणेचं ऊन अंगावर घ्यावं हिवाळ्यात. मग बसल्या दिवसभर सावलीत शाल घेऊन. त्यांना पृथ्वीचा गोल दाखवेपर्यंत संध्याकाळ झाली.

काकूबाई
हाहाहा. सासूबाईंना शाल दिलीत हेच खूप.

निवांत_वाईकर
मुलाला @जर्सीकर यांचा प्रतिसाद फॉरवर्ड केला. उत्तर आलं, "मग एसी लावा ना बाबा." त्यामुळे सनरूम रद्द.

खळ्यातला_माणूस
कोकणातून लिहितोय, कुडाळच्या बाजूचा. आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवतात, कायमचं छप्पर घालतच नाहीत. घरापुढे खळं. पावसाळा संपला की चोपून, शेणाने सारवून घ्यायचं, त्यावर मांडव, पोफळीचे खांब आणि वर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत सगळं खळ्यातच, सुपाऱ्या वाळवणं, पोरांचा क्रिकेट, लग्न असेल तर तेही. पाऊस लागायच्या आधी मांडव उतरवतात. पावसात बसायला पडवी असतेच, उतरतं छप्पर इतकं खाली आणलेलं की उंच माणूस आत शिरताना डोकं वाकवतो. पाऊस आडवा आला तरी आत येत नाही, आणि जास्तच झोड असेल तर त्या बाजूला झाप बांधून टाकतात.

मुद्दा हा की उन्हातली जागा आणि पावसातली जागा एकच असली पाहिजे हा हट्ट कशाला? छप्पर खाली आणा एवढं मात्र ऐका. हल्ली सगळ्यांना दहा फूट उंच पॅटिओ लागतो, मग दोन्ही बाजूंनी पाऊस आत.

रेघोट्या
@खळ्यातला_माणूस, छप्पर खाली आणायचं एकशे एक टक्के पटलं. बाहेरच्या कडेला साडेसहा-सात फूट पुरेत. उंच छप्पर फोटोत छान दिसतं.

गोमंतकी
आमच्या गोव्याकडे जुन्या घरांना बाल्कांव असतो, पुढच्या दाराशीच, दोन्ही बाजूंना बांधीव बाकं आणि समोर रस्ता. मागच्या बाजूला बसायची पद्धतच नाही. संध्याकाळी पोदेर पाव घेऊन येतो, शेजारीण चालायला निघते, कोणीतरी थांबतंच. रिटायर झाल्यावर घरात दोन-तीनच माणसं, डोंगर कितीही सुंदर असला तरी तो "काय चाललंय" म्हणत नाही. मी वहिनींच्या बाजूने, पूर्व, रस्त्याकडे.

बंडू_सातारकर
रस्त्याकडेला बसलं की येणारा-जाणारा चहाला थांबतो, हे गोव्यात छान वाटत असेल. आमच्याकडे थांबलेला जेवूनच जातो.

मनीषा_के
छपराचं कोणीच बोललं नाही म्हणून. शेजारच्यांनी पश्चिमेला पॉलिकार्बोनेटचे शीट टाकलेत, उजेड यावा म्हणून पारदर्शक. उन्हाळ्यात खाली उभं राहवत नाही आणि पावसाळ्यात आवाज एवढा की फोनवर बोलायला त्यांना आमच्याकडे यावं लागतं. आता वरून हिरवी शेडनेट बांधलीय, म्हणजे उजेडही गेला. पत्र्याचंही तेच, आवाज आणि ताप. आमच्याकडे जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) फ्रेमवर मंगलोरी कौलं आहेत, खालून मातीच्याच सपाट टाइल्स, मध्ये हवेची पोकळी राहते. खूप फरक पडतो. माकडं असतील तर मात्र कौलांचा विचार दोनदा करा.

निवांत_वाईकर
माकडं आहेत. :(

मनीषा_के
मग कौलं फ्रेमला तारेने बांधून घ्या, कडेच्या दोन ओळी तरी नक्कीच. आणि चार जास्तीची आणून ठेवा.

हिरवाचाफा
झाडाबद्दल दोन शब्द. शेजाऱ्यांचा आंबा सावलीला उत्तम, बारमाही पानं. पण थेट त्याच्याखाली फरशी घालायच्या आधी हे वाचा. मोहोर आला की तुडतुडे येतात आणि त्यांचा गोड चिकटा खाली गळतो. जानेवारी-फेब्रुवारीत खुर्ची, टेबल, झोपाळ्याची कडी, सगळं चिकट, पानं चमकायला लागतात, मग त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि फरशीवर जे काळे ठिपके पडतात ते साबणाने जात नाहीत. मुंग्या वेगळ्या. मेमध्ये पाडाचे आंबे कौलांवर. फांदीच्या घेराबाहेर चार-पाच फूट सोडून बसा, सावली तिरपी पडतेच, तेवढी पुरते.

नवीन झाड लावायचं असेल तर पश्चिमेला करंज लावा. मार्चमध्ये पानं झाडतो आणि एप्रिलमध्ये पोपटी पालवीने भरून येतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात गच्च सावली. नर्सरीवाला बहावा देईल, दिसायला सुरेख आहे, कुंपणापाशी अवश्य लावा, पण एप्रिल-मेमध्ये अंगावर नुसते पिवळे झुंबर असतात, पानं नाहीत, सावली कसली घेताय. गुलमोहर तर घराजवळ नकोच, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडून पडतात.

वेल चालत असेल तर मांडवावर तोंडली. काकूबाईंचा भाजीचा प्रश्नही सुटेल.

काकूबाई
माझा भाजीचा प्रश्न नव्हता, चहाचा होता. तो अजून तसाच आहे. चहा आणणार कोण?

चष्मेबद्दूर
गच्चीवर करा की. डोंगर चारी बाजूंनी दिसेल, वारा पण.

बंडू_सातारकर
वॉकर घेऊन ८४ वर्षांच्या आजींना गच्चीवर? धागा वाचा हो आधी.

सर्वेनंबर
मी नगररचनेच्या कामात होतो, आता निवृत्त. एक गोष्ट आखणीआधी बघून घ्या. २०२० च्या यूडीसीपीआर, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे प्लॉटच्या चारी बाजूंनी ठरावीक अंतर मोकळं सोडावं लागतं. मोकळ्या जागेत नुसती फरशी घालून खुर्च्या टाकल्या तर सहसा कोणी काही म्हणत नाही, पण खांब रोवून छप्पर घातलं की तो बांधकामाचा विषय होतो. लोक काय करतात, घराचा नकाशा मंजूर करून घेतात आणि ताबा मिळाल्यावर मार्जिनमध्ये शेड ठोकतात. मग शेजाऱ्याशी वाजलं की पहिला अर्ज त्या शेडवर येतो. तुमचं छप्पर ज्या बाजूला हवंय ते आत्ताच नकाशात दाखवा, घराच्या रेषेच्या आत घ्या. पाच गुंठ्यांत बैठं घर आहे, जागा मिळायला हरकत नाही.

आंब्याची_डाळ
नमस्कार. मी @निवांत_वाईकर यांची बायको. हा आयडी आजच काढलाय, कारण इथे माझ्या नावावर बरंच काही खपवलं जातंय असं मुलाने कळवलं.

पहिली गोष्ट, सकाळी सहाला चहा हे "घेऊन बसतात" कारण तो त्याआधी कोणीतरी केलेला असतो. दुसरी गोष्ट, संध्याकाळी पाच ते सात हे घरात नसतात, पुण्यात टेकडीवर जातात आणि वाईला घाटावर जातील, हे तिथल्या दोन-चार लोकांशी ओळख झाल्यापासून ठरलेलंच आहे. डोंगर बघायला उरणार मी आणि सासूबाई. तिसरी, मला रस्त्यावरून कोण गेलं-आलं बघायची हौस नाहीये. भाजीवाला, दूधवाला, पोस्टमन सगळे पूर्वेला येतात आणि दर वेळी घराच्या मागून पुढे धावत यायचं वय राहिलेलं नाही, एवढंच म्हणणं होतं.

मला जागा कशाला हवी ते सांगते. सकाळी दहापर्यंत भाजी निवडायला आणि पेपर वाचायला. मार्च-एप्रिलमध्ये वाळवणं घालायला, साबुदाण्याच्या पापड्या, कुरडया, सांडगे, त्याला वर छप्पर असून चालत नाही. आणि थंडीत सासूबाईंना पाठ शेकायला. वाईची थंडी पुण्यापेक्षा बोचते, नदी जवळ आहे. त्या आत्तापण पुण्याच्या बाल्कनीत दीड फुटाचा उन्हाचा पट्टा सरकेल तशी खुर्ची सरकवत बसतात, डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि साडेअकराला कपड्यांच्या स्टँडपाशी पोचतात.

काकूबाई
वहिनी, सुस्वागतम!! या बसा. चहा घेणार का?

ठोंब्या
पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पैसे वसूल.

निवांत_वाईकर
घाटावर रोज नाही जाणार मी.

आंब्याची_डाळ
बरं.

रेघोट्या
वहिनींच्या प्रतिसादाने माझं काम सोपं केलं. आता चित्र असं दिसतंय की तुम्हाला एक जागा नकोच आहे. १२ बाय १६ म्हणजे १९२ चौरस फूट. त्याचे दोन भाग करा.

पहिला, स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या दाराबाहेर सहा फूट रुंद, बारा फूट लांब उघडा ओटा. छप्पर नाही, खांब नाही, त्यामुळे खर्च फारच कमी, आणि सर्वेनंबर म्हणतात तो प्रश्नही बराचसा टळतो, तरी आर्किटेक्टला नकाशात दाखवायला सांगा. थंडीत सूर्य आग्नेयेकडून वर येतो, त्यामुळे त्या कोपऱ्यात सकाळी उगवल्यापासून बाराच्या सुमारापर्यंत ऊन मिळेल. आजींची पाठ, वाळवणं, भाजी, पेपर आणि भाजीवाला सगळं इथे. काकूबाईंचा चहासुद्धा इथेच, दारातून एक पाऊल.

दुसरा, वायव्य कोपऱ्यात १० बाय १२ ची कौलारू पडवी. उत्तर आणि पश्चिम या दोन बाजू उघड्या. पश्चिमेच्या बाजूला, नैऋत्येकडचा अर्धा भाग भिंतीने किंवा विटांच्या जाळीने बंद करा, पावसाचा मारा तिकडून येतो. उरलेला अर्धा भाग उघडा ठेवा, त्यातून पांडवगड दिसेल. डोंगर बघायला खुर्चीचं तोंड वायव्येला केलं की डिसेंबरात मावळतीचं ऊन डाव्या हाताच्या भिंतीवर अडेल. मे-जूनमध्ये मात्र सूर्य बरोबर तुमच्या समोर मावळणार, तेव्हा बांबूचा पडदा सोडायचा आणि साडेसहानंतर गुंडाळायचा. हिरवाचाफा म्हणतात तो करंज पश्चिमेच्या कुंपणाशी लावा, पण दृश्य मोकळं राहील असा दक्षिणेकडे सरकवून.

बंडू_सातारकर
हे आवडलं. एक भर घालतो, उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, तो वायव्य कोपऱ्यात चांगला लागेल. माझा पश्चिमेला विरोध होता तो अर्धा मागे.

निवृत्त_ठेकेदार
मी नाही सहमत. दोन अर्धवट जागांपेक्षा एक धड जागा बरी. १० बाय १२ मध्ये झोपाळा टाकला की त्याच्या मागे-पुढे तीन-तीन फूट जातात, उरलं काय? दोन खुर्च्या. पाहुणे आले की माणसं आत आणि बाहेर वाटली जातात. शिवाय दोन ठिकाणी काम म्हणजे दोन वेळा लेव्हल, दोन वेळा कडा, दोन ठिकाणी पाण्याचा निचरा. मी असतो तर पूर्वेलाच १२ बाय १६ घेतलं असतं, अर्ध्यावर छप्पर आणि अर्धं उघडं. डोंगर बघायला पश्चिमेच्या बेडरूमला मोठी खिडकी. संपला विषय.

रेघोट्या
मुद्दा बरोबर आहे, झोपाळा पूर्वेला न्यावा लागेल किंवा सोडून द्यावा लागेल. खिडकीच्या मताचाही विचार करा, पण पश्चिमेला मोठी खिडकी म्हणजे बेडरूम तापणार.

मनीषा_के
फरशी कुठली घेताय? आजी आहेत म्हणून विचारते. उत्तरेच्या बाजूला पावसाळ्यात शेवाळ धरतं, पॉलिश केलेला कडप्पा किंवा गुळगुळीत टाइल घातलीत तर सरळ पडायची सोय. शहाबादी, पॉलिश न केलेली, किंवा कोटा खरखरीत फिनिशचा.

निवृत्त_ठेकेदार
शहाबादी घ्या. आणि उतार बाहेरच्या बाजूला, दहा फुटांना सव्वा इंच तरी. गवंडी "देतो साहेब" म्हणतो आणि सपाट लावून मोकळा होतो. सिमेंट ओलं असतानाच बादलीभर पाणी ओतून बघा, कुठे थांबतं ते तेव्हाच कळतं.

दुसरं, बाहेरची फरशी घरातल्या फरशीपेक्षा तीन-चार इंच खाली ठेवतात, म्हणजे पावसाचं पाणी उंबऱ्यावरून आत येत नाही. पण तुमच्याकडे वॉकर आहे. त्या चार इंचांच्या पायरीवरच म्हातारी माणसं पडतात. पूर्वेच्या दाराशी पायरीऐवजी उतरण करा, चार इंचाला चार फूट लांबी धरा, आणि दाराला लागून जाळीचा गटर घ्या. एका बाजूला हाताला धरायला पाइप.

आंब्याची_डाळ
@निवृत्त_ठेकेदार, ही उतरण कोणीच सुचवली नव्हती. आर्किटेक्टनेपण नाही. मनापासून आभार.

वास्तूदीप
पूर्वेला मोकळा ओटा होतोय, उत्तम. मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.

भुईनळा
द्या टाळी. कुंड ठेवणार का पण?

हिरवाचाफा
कुंड ठेवाल तर गप्पी मासे सोडा त्यात, नाहीतर संध्याकाळी डासांसाठीच सिटआऊट.

निवांत_वाईकर
काल प्लॉटवर जाऊन आलो. @रेघोट्या यांनी सांगितलेल्या दोन्ही जागांवर फक्कीने रेघा मारल्या आणि फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलो. पूर्वेच्या चौकोनात आईची खुर्ची ठेवली, तिथे सकाळी नऊलाच छान ऊन होतं, ती तिथून उठेचना. वायव्येच्या कोपऱ्यातून पांडवगड दिसतो पण मध्ये विजेचा खांब येतो, तो जमिनीवर उभं राहून कधी लक्षात आला नव्हता. पडवी तीन फूट दक्षिणेला सरकवली तर खांब बाजूला जातो आणि आंब्याच्या फांदीपासूनही सुटका होते. तसं आर्किटेक्टला कळवलंय.

तर ठरलं असं: पूर्वेला उघडा ओटा, उतरण आणि जाळीच्या गटरसकट. वायव्येला कौलारू पडवी, १० बाय १२. झोपाळा हॉलमध्ये. मुलगा म्हणतोय निदान एक स्कायलाइट तरी घ्या, त्याचा मान राखायला कौलांत एक काचेचं कौल बसवू.

काकूबाई
एकच काचेचं कौल का, दोन बसवा, मुलगा लांब आहे. आणि संध्याकाळचा चहा वायव्येला कोण नेणार ते अजून लिहिलं नाहीत!

निवांत_वाईकर
मी नेईन. लेखी देतो.

चष्मेबद्दूर
जरा अवांतर, जुनी मंगलोरी कौलं कुठे मिळतील? आमचंही काम चालू आहे, नवी फार नाजूक वाटतायत.

खळ्यातला_माणूस
जुनं घर किंवा शाळा उतरवतात तिथे विचारा, जुन्या सामानाच्या वखारीतही मिळतात. एकेक कौल हातात धरून बोटाच्या पेराने ठोकून घ्या. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा आहे, दिसत नसला तरी. आणि सगळी एकाच छापाची घ्या, वेगळ्या कारखान्याची एकमेकांत नीट बसत नाहीत, मग पहिल्याच पावसात बादल्या मांडायला लागतात.